जुन्या एक्सेलची फाइल नव्या संगणकावर उघडताच बंद पडते तेव्हा काय करावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबड औद्योगिक वसाहतीतील आपल्या कारखान्यात २००६ साली एक्सेल २००३ मध्ये तयार केलेली कोटेशन आणि जॉब कॉस्टिंगची एक फाइल आहे. तिच्यात चौदा शीट आहेत, काही मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा) आहेत, तारीख निवडण्यासाठी उघडणारे एक छोटे कॅलेंडर आहे आणि कोटेशन डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापले जाते. जुन्या संगणकावर ही फाइल आजही उघडते. नव्या संगणकावर, ६४ बिटच्या नव्या ऑफिसमध्ये, ती उघडायला गेले की पडदा पांढरा पडतो, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' असे येते आणि थोड्या वेळाने एक्सेल आपोआप बंद होते. संगणक बसवून देणाऱ्याने फाइल करप्ट झाली आहे, नव्याने करून घ्या, असे सांगितले. फाइल खरोखर खराब झाली आहे का आणि ती वाचवता येईल का, असे आपण विचारले आहे.

माझे मत स्पष्ट आहे. जी फाइल जुन्या संगणकावर रोज उघडते, जिच्यातून रोज कोटेशन निघते, ती बहुधा खराब झालेली नसते. गेली वीस-बावीस वर्षे मी नाशिकमध्ये लहान कारखाने, पतसंस्था आणि द्राक्ष-कांद्याच्या व्यापाऱ्यांकडे हेच काम करतो आहे आणि 'करप्ट' म्हणून माझ्याकडे आलेल्या जुन्या फाइलींपैकी बहुतेकांमधला मजकूर शाबूत होता. त्या मजकुराला चिकटून आलेली एखादी वस्तू नव्या एक्सेलला झेपत नव्हती. ती वस्तू कोणती हे शोधून काढणे, एवढेच आपले काम आहे. मात्र फाइल एकदा उघडली की काम संपले असे समजू नका, कारण उघडल्यानंतर गुपचूप चुकणारे आकडे हा बंद पडण्यापेक्षा मोठा धोका आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

काही करण्यापूर्वी दोन गोष्टी सांभाळा. जुना संगणक भंगारात किंवा बदलीत देऊ नका. पुढची निम्मी दुरुस्ती त्याच्यावरच सोपी जाणार आहे. एक्सेल २००३ ला मिळणाऱ्या सुरक्षा सुधारणा ८ एप्रिल २०१४ पासून बंद झाल्या आहेत, म्हणून त्याचे इंटरनेट तेवढे काढून ठेवा. दुसरे म्हणजे मूळ फाइलीची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तिला रीड-ओन्ली करा आणि सगळे प्रयोग नव्या संगणकाच्या डेस्कटॉपवर ठेवलेल्या वेगळ्या प्रतीवर करा. थेट पेनड्राइव्हवरून किंवा ऑफिसच्या नेटवर्कवरून फाइल उघडून पाहू नका, कारण त्या वाटेतल्या अडचणी आणि फाइलीच्या अडचणी एकमेकींत मिसळतात. फाइल ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवरून आणली असेल, तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक' वर खूण करा, अन्यथा इंटरनेटवरून आलेली म्हणून तिचे मॅक्रो मुळातच अडवले जातील.

आता हे का घडते ते थोडे समजून घेऊ, म्हणजे पुढच्या पायऱ्या यांत्रिक वाटणार नाहीत. एक्सेल ९७ पासून २००३ पर्यंतची 'एक्सएलएस' फाइल ही आतून एका छोट्या डिस्कसारखी असते: तिच्यात आकड्यांचा एक प्रवाह, मॅक्रोंचा एक स्वतंत्र कप्पा, कंट्रोलसाठी (शीटवर बसवलेले बटण, कॅलेंडर अशा वस्तूंसाठी) आणखी कप्पे, आणि हे सगळे द्विमान स्वरूपात. एक्सेल २००७ पासून आलेली 'एक्सएलएसएक्स' फाइल म्हणजे झिप केलेल्या अनेक मजकूर-फाइलींचे गाठोडे असते. नवे एक्सेल जुनी फाइल उघडते तेव्हा ते आकडे, सूत्रे, रंगरूप, मॅक्रो, कंट्रोल, छपाईची मांडणी आणि बाहेरच्या फाइलींशी असलेले दुवे हे सगळे एका दमात आजच्या भाषेत समजून घेऊ पाहते. आकडे आणि साधी सूत्रे यांच्यावर ते सहसा अडखळत नाही. अडखळते ते या बाकीच्या लवाजम्यावर.

सर्वांत आधी हे ठरवा की एक्सेल खरोखर कोसळते आहे की नुसते हिशेबात गुंतले आहे. जुन्या आवृत्तीत साठवलेली फाइल उघडताना नवे एक्सेल तिच्यातले प्रत्येक सूत्र पुन्हा मोजते. फाइल मोठी असेल तर तेवढा वेळ पडदा पांढरा राहतो, आपण कंटाळून दोनदा क्लिक करतो, विंडोज 'बंद करू का' असे विचारते आणि आपणच होय म्हणतो. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यातदाराची पॅकिंगची फाइल अशीच 'मेलेली' म्हणून माझ्याकडे आली होती. हात न लावता ठेवली, तेव्हा अकरा मिनिटांनी ती सुखरूप उघडली. आपण आधी कोरे वर्कबुक उघडा, 'फॉर्म्युलाज' टॅबमध्ये 'कॅल्क्युलेशन ऑप्शन्स' 'मॅन्युअल' करा आणि त्याच खिडकीतून फाइल मेनूने आपली फाइल उघडा. मोजणीची पद्धत त्या बैठकीत पहिल्यांदा उघडलेल्या वर्कबुकवरून ठरते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा आहे. एवढ्याने फाइल उघडली, तर दोष मोजणीच्या ओझ्याचा होता.

तशी उघडली नाही तर कीबोर्डवरील कंट्रोल (Ctrl) कळ दाबून धरून एक्सेल सुरू करा. ते सेफ मोडमध्ये जायचे का असे विचारील. होय म्हणा आणि मग फाइल उघडा. सेफ मोडमध्ये ॲड-इन (एक्सेलला जोडलेले बाहेरचे पूरक प्रोग्राम) आणि एक्सेलसोबत आपोआप सुरू होणाऱ्या फाइली चढत नाहीत. तेथे फाइल उघडली, तर दोष फाइलीत नसून नव्या संगणकावर बसवलेल्या एखाद्या ॲड-इनमध्ये आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे, पीडीएफचे किंवा मराठी टायपिंगचे ॲड-इन एकेक करून बंद केले की दोषी सापडतो. ग्राफिक्सचे हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. एकदा करून पाहण्यास हरकत नाही, पण जुन्याच फाइलीपुरती अडचण असेल तर त्याचा उपयोग क्वचितच होतो.

आपल्या बाबतीत मला दोन गोष्टींचा संशय आहे, प्रिंटरचा आणि कॅलेंडरचा, आणि त्यांतला पहिला तपासायला दोन मिनिटे लागतात. एक्सेल शीट उघडताना पानाची मांडणी ठरवण्यासाठी डीफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरशी (प्रिंटर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामशी) बोलते, आणि जुन्या फाइलीत तर त्या वेळच्या प्रिंटरची सेटिंगही साठवलेली असते. नव्या विंडोजवर डॉट मॅट्रिक्ससाठी कसाबसा जुळवलेला ड्रायव्हर असेल, किंवा डीफॉल्ट प्रिंटर आता बंद असलेल्या दुसऱ्या संगणकाला जोडलेला असेल, तर एक्सेल उत्तराची वाट पाहत अडकते. विंडोजच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट प्रिंटर आपोआप बदलण्याची सोय बंद करा, 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डीफॉल्ट करा आणि पुन्हा उघडून पाहा. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मी अर्धा दिवस मॅक्रो तपासत बसलो होतो आणि शेवटी दोष प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये निघाला. तेव्हापासून ही तपासणी मी आधी करतो.

याच सुमारास विंडोजचा 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'ॲप्लिकेशन' नोंदी पाहा. एक्सेल कोसळले की तेथे १००० क्रमांकाची नोंद पडते, आणि नुसते अडकून बंद झाले तर १००२ क्रमांकाची. पहिल्या नोंदीत 'फॉल्टिंग मॉड्यूल' या शब्दांपुढे एका फाइलीचे नाव असते. ते नाव व्हीबीई ७ असे असेल तर मॅक्रोकडे पाहा, एफएम २० असेल तर मॅक्रोच्या फॉर्मकडे, शेवट ओसीएक्स (कंट्रोलच्या फाइलीची खूण) असा असेल तर कंट्रोलकडे, आणि नाव प्रिंटरच्या कंपनीशी जुळत असेल तर वरचा परिच्छेद पुन्हा वाचा. नुसते एक्सेलचेच नाव असेल तर मात्र त्यावरून फारसे कळत नाही. ही एक ओळ कागदावर उतरवून ठेवली, तर कोणालाही मदत मागताना ती 'फाइल उघडत नाही' या वाक्यापेक्षा कितीतरी अधिक सांगते.

मॅक्रो आणि कंट्रोल वेगळे काढण्यासाठी ऑप्शन्समधून ट्रस्ट सेंटरमध्ये जा, मॅक्रो सूचना न देता बंद ठेवण्याचा पर्याय निवडा, ॲक्टिव्हएक्स कंट्रोलसाठीही (कॅलेंडरसारखी कंट्रोल याच प्रकारची असतात) तोच पर्याय निवडा आणि मग फाइल उघडा. आता उघडली, तर आकडे सुरक्षित आहेत हे निश्चित झाले. त्यानंतर दोन्ही पर्यायांपैकी एकेक पूर्ववत करून कोणामुळे बिघडते ते पाहा.

कॅलेंडरविषयी सांगायचे तर, त्या काळात तारखेसाठी सर्रास वापरले जाणारे कॅलेंडर कंट्रोल ३२ बिटचे होते आणि ऑफिस २०१० पासून ते ऑफिससोबत येणे बंद झाले. ३२ बिटचे कंट्रोल ६४ बिटच्या एक्सेलमध्ये चढूच शकत नाही. कोणी इंटरनेटवरून तशी ओसीएक्स फाइल आणून बसवा असे सांगितले तर ऐकू नका. ६४ बिटमध्ये तिचा उपयोग नाही आणि ती कोठून आली याची खात्रीही नाही. ऑफिस २०२४ मध्ये तर सर्वच ॲक्टिव्हएक्स कंट्रोल मुळात बंद ठेवलेले असतात. आणखी एक जुनी खोड अशी की एक्सेल कंट्रोलची माहिती तात्पुरत्या फोल्डरमध्ये 'ईएक्सडी' शेवट असलेल्या छोट्या फाइलींत साठवते, आणि ऑफिसच्या सुधारणेनंतर त्या जुन्या राहिल्या तर कंट्रोल बिघडतात. डिसेंबर २०१४ च्या सुधारणेनंतर हे मोठ्या प्रमाणावर घडले होते. एक्सेल बंद करून त्या फाइली काढून टाकल्या तर काहीही नुकसान होत नाही, एक्सेल त्या पुन्हा तयार करते.

मॅक्रोच्या बाबतीत एक बारकावा मुद्दाम सांगतो, कारण यात जाणती माणसेही फसतात. जुन्या मॅक्रोत विंडोजची फंक्शने बोलावणाऱ्या 'डिक्लेअर' या शब्दाच्या ओळी असतात. ६४ बिटमध्ये त्या ओळींत 'पीटीआरसेफ' हा शब्द नसेल तर एक्सेल कोसळत नाही, ते नीट चूक दाखवून थांबते. कोसळते ते पुढच्या पायरीला: कोणीतरी तो शब्द सगळ्या ओळींत घालतो, चूक दिसेनाशी होते, पण खिडकीचा किंवा स्मृतीचा पत्ता साठवणारे 'लाँग' प्रकारचे, म्हणजे बत्तीस बिटांचे, चल (मॅक्रोतली आकडे साठवण्याची नावे) तसेच राहतात. चौसष्ट बिटचा पत्ता बत्तीस बिटांत कोंबला जातो आणि मग एक्सेल काहीही न सांगता बंद होते. अशा जागी 'लाँगपीटीआर' वापरावे लागते आणि कोणत्या जागी ते हवे हे प्रत्येक ओळ वाचूनच ठरवावे लागते. मॅक्रोच्या खिडकीत 'टूल्स' मधील 'रेफरन्सेस' उघडून कोणापुढे 'मिसिंग' लिहिलेले आहे तेही पाहा.

यावरचा माझा सल्ला असा की दुरुस्ती जुन्या संगणकावर करावी. तेथे फाइलीची प्रत उघडा, प्रत्येक मॅक्रो मॉड्यूल (मॅक्रोंचा एक गट) 'एक्सपोर्ट' करून वेगळे साठवा आणि मग ते फाइलीतून काढून टाका. मॅक्रोंसोबत त्यांचे त्या आवृत्तीपुरते तयार केलेले रूपही फाइलीत साठत असते आणि वर्षानुवर्षांच्या बदलांनी तेच बिघडलेले असते; मॉड्यूल बाहेर काढून नव्या फाइलीत पुन्हा आणले की ते ताजे तयार होते. कॅलेंडर काढून टाका आणि तारीख सेलमध्ये टाइप करण्याची सोय ठेवा, त्यावर 'डेटा व्हॅलिडेशन' लावले की चुकीची तारीख शिरत नाही. बाहेरच्या फाइलींचे दुवे 'एडिट लिंक्स' मधून पाहा. बंद पडलेल्या संगणकाकडे बोट दाखवणारे दुवे तोडा, कारण नवे एक्सेल त्यांचाही शोध घेत बसते. प्रत्येक शीटवर एफ ५ दाबून 'स्पेशल' मध्ये 'ऑब्जेक्ट्स' निवडा: वेबपानांवरून किंवा ई-मेलमधून चिकटवलेल्या मजकुरासोबत आलेल्या न दिसणाऱ्या शेकडो चौकटी तेथे एकदम उजेडात येतात. ही साफसफाई झाली की फाइल नव्या संगणकावर न्या.

तरीही बंद पडली, तर शीट अर्धी-अर्धी करून दोषी शोधा. जुन्या संगणकावर एका प्रतीत पहिली सात शीट ठेवा, दुसऱ्या प्रतीत उरलेली सात, आणि दोन्ही नव्या संगणकावर उघडून पाहा. जी बंद पडते तिचे पुन्हा दोन भाग करा. चौदा शीटमधून दोषी शीट जास्तीत जास्त चार फेऱ्यांत सापडते. या प्रतींत सूत्रे तुटतील, पण त्या फक्त तपासणीपुरत्या आहेत.

ज्यांच्याकडे जुना संगणक उरलेला नाही, त्यांच्यासाठी लिब्रेऑफिस हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. ते मोफत आहे आणि एक्सएलएस फाइल स्वतःच्या पद्धतीने वाचते, त्यामुळे एक्सेल जेथे अडखळते तेथे ते अडखळेलच असे नाही. त्यातून एक्सएलएसएक्स म्हणून साठवले की आकडे आणि सूत्रे हाती लागतात. मॅक्रो त्या प्रकारच्या फाइलीत राहत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. एक्सेलच्या 'ओपन' चौकटीत बटणाशेजारच्या बाणाखाली 'ओपन अँड रिपेअर' आहे, तेही वापरून पाहावे. काहीच चालले नाही तर कोऱ्या वर्कबुकमध्ये बंद फाइलीतील सेलकडे दुवा देणारे सूत्र लिहा आणि ते खाली-उजवीकडे ओढा. फाइल न उघडताही तिच्यातील किमती अशा खेचता येतात. साठवत असतानाच लाइट गेलेली फाइल मात्र वेगळी. तिचा आकार शून्य दिसत असेल किंवा नोटपॅडमध्ये ती पूर्ण रिकामी भासत असेल, तर दुरुस्तीत वेळ न घालवता जुनी प्रत शोधावी.

३२ बिटचे ऑफिस बसवावे का, हा प्रश्न येथे येतोच. एका संगणकावर दोन्ही प्रकार शेजारी ठेवता येत नाहीत, पण ६४ बिटचे काढून ३२ बिटचे बसवता येते आणि ६४ बिटच्या विंडोजवर ते व्यवस्थित चालते. उद्या सकाळी कोटेशन पाठवायचेच आहे आणि मॅक्रो दुरुस्त करायला माणूस नाही, अशा वेळी हा तोडगा मी स्वतः करून देतो. कॅलेंडर कंट्रोलची अडचण मात्र त्याने पूर्ण सुटत नाही, कारण ते नव्या ऑफिससोबत येतच नाही.

फाइल उघडली की ती 'कम्पॅटिबिलिटी मोड' मध्ये असेल. 'सेव्ह ॲज' करून ती एक्सएलएसएम या मॅक्रो सांभाळणाऱ्या नव्या प्रकारात साठवा, बंद करा आणि पुन्हा उघडा. एक्सएलएसएक्स निवडले तर मॅक्रो जातील. आणि आता तो धोका, ज्याविषयी मी सुरुवातीला लिहिले.

जुन्या शीटमध्ये २५६ स्तंभ आणि ६५,५३६ ओळी होत्या. नव्या शीटमध्ये १६,३८४ स्तंभ आणि १०,४८,५७६ ओळी आहेत. त्यामुळे शेवटचा स्तंभ आता आय-व्ही नसून एक्स-एफ-डी आहे, आणि तीन अक्षरांची कितीतरी नावे आता स्तंभांची नावे झाली आहेत. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट लागू झाला, आणि त्यानंतर बनलेल्या बहुतेक कोटेशन-फाइलींत कराच्या दराच्या सेलला व्ही-ए-टी ही अक्षरे आणि पुढे वर्षाचा आकडा, असे नाव दिलेले मला आढळते. जुन्या एक्सेलमध्ये ते निव्वळ नाव होते. नव्या एक्सेलमध्ये व्ही-ए-टी २००६ हा एक खराखुरा सेल आहे, व्ही-ए-टी स्तंभातील २००६ वी ओळ. रूपांतर करताना एक्सेल अशा नावाच्या आधी अधोरेषा जोडते आणि सेलमधील सूत्रेही तशी बदलते. परंतु मॅक्रोत अवतरणचिन्हांत लिहिलेले नाव आणि मजकुरावरून सेल शोधणाऱ्या 'इनडायरेक्ट' सूत्रातील नाव हा त्याच्या दृष्टीने नुसता मजकूर असतो. तो बदलत नाही. परिणामी मॅक्रो कराचा दर घ्यायला त्या दूरच्या रिकाम्या सेलकडे जाते, तेथे काहीच नसते, आणि कोटेशन कराविना तयार होते. कोठेही चूक दाखवली जात नाही. १ जुलै २०१७ नंतर कोणी जुन्याच एक्सेलमध्ये जी-एस-टी १८ असे नाव दिले असेल, तर त्याचेही हेच होते. म्हणून कंट्रोल कळ आणि एफ ३ दाबून 'नेम मॅनेजर' उघडा, अधोरेषेने सुरू होणारी नावे लिहून काढा आणि मॅक्रोच्या खिडकीत प्रत्येकाचे जुने रूप शोधून बदला.

त्याच खिडकीत ६५५३६ हा आकडाही शोधा. शेवटची भरलेली ओळ शोधण्यासाठी तो सर्रास लिहिलेला असतो आणि त्याच्या खालच्या नोंदी मॅक्रोला दिसत नाहीत. पूर्ण स्तंभावर फिरणारे स्वतः लिहिलेले फंक्शन असेल तर त्याचे काम आता नेमके सोळा पट झाले आहे. 'फाइल उघडल्यावर फार संथ चालते' या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा येथेच असते. फोल्डरमधील जुनी कोटेशने शोधणारे मॅक्रो असेल तर त्यात 'फाइलसर्च' आहे का पाहा, कारण ती सोय एक्सेल २००७ पासून काढून टाकलेली आहे आणि त्याऐवजी 'डीआयआर' वापरावे लागते.

ग्राहकांची नावे मराठीत असतील आणि ती नव्या संगणकावर इंग्रजी चिन्हांची खिचडी म्हणून दिसत असतील, तर घाबरू नका. तो युनिकोडपूर्व, म्हणजे आजची सर्वमान्य अक्षर-पद्धत रुळण्याआधीच्या, फाँटचा मजकूर आहे. त्या सेलचा फाँट बदलण्याआधी त्याचे नाव लिहून घ्या. ते नाव माहीत असेल तरच पुढे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते.

शेवटची तपासणी अशी करावी. जुना आणि नवा संगणक शेजारी ठेवा. फाइलींच्या कपाटातून छापलेली पाच जुनी कोटेशने काढा: एक साध्या कामाचे, एक सवलतीचे, एक जॉबवर्कचे, एक परराज्यातल्या ग्राहकाचे आणि एक सर्वांत मोठ्या रकमेचे. पाचही दोन्ही संगणकांवर त्याच आकड्यांनी नव्याने तयार करा आणि मूळ रक्कम, कर, पूर्णांकन आणि एकूण हे चारही आकडे कागदाशी पैशापर्यंत जुळवा. कर आज बदललेला असेल तर तपासणीपुरता जुना दर भरा. पाचही जुळल्यावर नव्या फाइलीतून काम सुरू करा, आणि मार्चअखेरचा हिशेब नव्या फाइलीवर पूर्ण होईपर्यंत जुना संगणक त्याच टेबलावर राहू द्या.